खेळ आणि मेळ

मराठी भाषेंत 'खेळीमेळी' असा एक मोठा गोड शब्द आहे. एखाद्या घरांतलीं माणसें एकमेकांशीं कशीं वागतात असें कोणी विचारलें आणि 'अगदीं खेळीमेळीनें' असें उत्तर आलें, म्हणजे त्या घराविषयीं अधिक चौकशी करण्याचें कारण उरत नाहीं. ज्यांच्या तोंडीं हा शब्द रुळला त्यांच्या मनांत खेळ आणि मेळ या दोन वेगळाल्या गोष्टी नसाव्यात. खेळावयाचें म्हणजे आधीं चार सवंगडी जमवावयाचे. पूर्वीं मूल 'खेळायला जातों' असें सांगून घराबाहेर पडे. आतां 'खेळतों आहे' असें सांगून तें खोलीचें दार लावून घेतें. एका पिढींत झालेला हा पालट लहान नव्हे. म्हणून या महिन्यांत त्याचाच थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमच्या वाशीमला खेळाचें वावडें कधींच नव्हतें. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. वत्सगुल्म हें तिचें प्राचीन नांव. राजशेखरानें 'काव्यमीमांसे'त या नगराला मदनाचें क्रीडास्थान म्हणून गौरविलें असून काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाहही त्यानें येथेंच लावून दिला आहे. इतक्या उंचावरच्या गोष्टी सोडून दिल्या, तरी आमच्या बालपणीं आळीआळींतून आट्यापाट्या, हुतूतू आणि विटीदांडू यांचा गलबला दिवेलागणीपर्यंत चाले, आणि पावसाची झड लागली म्हणजे ओसरीवर सोंगट्यांचा पट पसरला जाई. त्या खेळांत भांडणें होत नसत असें कोणी समजूं नये. भांडणें रोज होत, कपाळमोक्षही होत. परंतु दुसऱ्या दिवशीं खेळावयास गडी तेच लागत, दुसरे मिळणार कोठून? म्हणून रात्रीं धरलेला अबोला सकाळीं सोडावाच लागे. रुसणें, समजूत घालणें, हार सोसणें आणि पुन्हां एकत्र येणें, हा सारा अभ्यासक्रम कोणत्याही पाठ्यपुस्तकावांचून पुरा होत असे.

हल्लीं आमच्याकडे येणाऱ्या माता-पित्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो: "गुरुजी, मुलानें मोबाईलवर किती वेळ खेळलें तर चालेल?" प्रश्न स्वाभाविक आहे, वेळ मोजतां येतो आणि जें मोजतां येतें तें हातांत आहे असें वाटतें. परंतु आमच्या मतें हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न असा कीं, या खेळांत मुलाला मेळ मिळतो आहे, कीं असलेला मेळ तुटतो आहे? तो कोणाबरोबर खेळतो? खेळून उठतो तेव्हां त्याचें मन कसें असतें? आणि खेळ थांबल्यावर त्याच्याशीं बोलावयास घरांत कोण असतें? या प्रश्नांचीं उत्तरें ज्यांस ठाऊक आहेत त्यांस वेळाचा हिशेब फारसा जड जात नाहीं.

मोबाईल मुलांच्या हातीं आला कसा, हें आधीं न्यायबुद्धीनें पाहिलें पाहिजे. १ जुलै १९९८ रोजीं अकोला जिल्ह्यांतून वेगळा झालेला आमचा हा लहानसा जिल्हा; वाशीम, रिसोड, मालेगांव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा असे याचे सहा तालुके. येथील कित्येक घरांत मुलासाठीं म्हणून मोबाईल पहिल्यांदा विकत घेतला गेला तो २०२० सालीं, आणि तो शिक्षणासाठीं. मार्चमध्यें टाळेबंदी झाली, शाळा बंद पडल्या, आणि अभ्यास मोबाईलवरून येऊं लागला. ऐपत नसतांही कोणी दागिना मोडून, कोणी सोयाबीनच्या पैशांतून यंत्र आणून दिलें. त्याच काळांत मैदानें ओस पडलीं, मित्रांच्या घरीं जाण्याची मनाई झाली. ज्या यंत्रांतून सकाळीं भूगोल येई त्याच यंत्रांतून दुपारीं मित्राचा आवाजही येतो, हें मुलांस समजण्यास कितीसा वेळ लागणार? टाळेबंदी उठली, शाळा उघडल्या. यंत्र मात्र हातांतच राहिलें. तेव्हां 'आजचीं मुलें बिघडलीं' असा निकाल देण्यापूर्वीं हें यंत्र त्यांच्या हातीं आपणच दिलें होतें, आणि चांगल्या हेतूनें दिलें होतें, एवढें स्मरणांत असावें.

आतां मुलें खेळतात तरी काय? ज्या वडील माणसांनीं हा खेळ कधीं जवळ बसून पाहिला नाहीं, त्यांच्यासाठीं थोडें वर्णन करतों. 'पब्जी' या नांवानें जो प्रकार घरोघरीं गाजला, त्यांत शंभर खेळाडू आकाशांतून एका बेटावर उतरतात. शस्त्रें शोधावयाचीं, आसरा शोधावयाचा, आणि शेवटपर्यंत टिकावयाचें. खेळण्याचें क्षेत्र हळूहळू आकुंचित होत जातें, त्यामुळें लपून बसणाऱ्यासही पुढें यावेंच लागतें. बहुधा चौघांची एक टोळी असते. ते चौघे चार गांवीं असले तरी कानाला लावलेल्या यंत्रांतून एकमेकांशीं बोलत असतात. एक डाव सुमारें अर्धा तास चालतो, आणि तो मध्यें थांबवून ठेवतां येत नाहीं. स्वयंपाकघरांतून आई हांक मारते, 'ठेव तो मोबाईल, पान वाढलें आहे,' तेव्हां मुलगा 'एकच मिनिट' म्हणतो आणि उठत नाहीं. आईस तो उद्धटपणा वाटतो. मुलाच्या दृष्टीनें मात्र तें, फलंदाजी करतां करतां बॅट टाकून मैदानांतून निघून येण्यासारखें असतें; पाठीमागें तिघे गडी त्याच्या भरंवशावर उभे असतात. आम्ही त्याचें समर्थन करीत नाहीं. भांडणाची ठिणगी नेमकी कोठें पडते एवढेंच दाखवितों.

खेळाचें व्यसन ही कांहीं या शतकानें लावलेली नवी साथ नव्हे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील चौतिसावें सूक्त अक्षसूक्त म्हणून प्रसिद्ध आहे. त्यांतला जुगारी आपली कहाणी आपणच सांगतो. पत्नी स्वभावानें गोड होती. फांशांपायीं ती दुरावली. सासू तिरस्कार करते. आईबाप आणि भाऊ 'हा आमचा कोणी नव्हे' असें म्हणून मोकळे होतात. उद्यांपासून जावयाचें नाहीं असा तो निश्चय करतो, आणि फांशांचा खळखळाट कानीं पडतांच पाय आपोआप सभेकडे वळतात. दुसऱ्यांचीं सुखी घरें पाहून त्याचा जीव तळमळतो, तरी सकाळ झाली कीं पुन्हां तोच मार्ग. या सूक्तांत द्रव्यनाशापेक्षां नातीं तुटल्याचें दुःख अधिक आहे, हें वाचकांनीं लक्षांत घ्यावें.

हजारों वर्षांनंतर जागतिक आरोग्य संघटनेनें रोगांच्या आपल्या अकराव्या वर्गीकरणांत व्हिडिओ गेमच्या व्यसनास स्थान दिलें. मे २०१९ मध्यें तें वर्गीकरण मान्य झालें आणि १ जानेवारी २०२२ पासून अंमलांत आलें. त्यांत तीन लक्षणें सांगितलीं आहेत: खेळावर ताबा न राहणें, इतर आवडी आणि रोजचीं कामें मागें पडून खेळालाच अग्रस्थान मिळणें, आणि अपाय दिसत असतांही खेळ चालूच ठेवणें किंवा वाढविणें. ही स्थिति साधारणपणें बारा महिने दिसून यावी, आणि तिच्यामुळें घर, शिक्षण, लोकव्यवहार यांत ठळक बिघाड झालेला असावा, अशी अट आहे. अक्षसूक्तांतल्या त्या अभागी पुरुषाच्या ठिकाणीं हीं तिन्ही लक्षणें जशींच्या तशीं सांपडतात. यंत्र नवें आहे. मनाची घसरण जुनी आहे.

परंतु येथेंच एक सावधगिरी बाळगली पाहिजे. सोंगट्या खेळणारा प्रत्येक गृहस्थ जुगारी नसतो. तसेंच मोबाईलवर खेळणारें प्रत्येक मूल रोगी नसतें. वर्गीकरण करणाऱ्यांनीं बारा महिन्यांची आणि ठळक बिघाडाची अट उगाच घातलेली नाहीं. ऑक्सफर्ड विद्यापीठांतील संशोधकांनीं २०२२ सालीं सुमारें ३९,००० खेळाडूंची पाहणी प्रसिद्ध केली. खेळाडूंच्या सांगण्यावर विसंबून न राहतां खेळाच्या कंपन्यांकडून प्रत्यक्ष खेळलेल्या वेळाची नोंद त्यांनीं मिळविली होती. खेळण्याचा वेळ कमी-अधिक झाल्यानें मनःस्वास्थ्यावर म्हणण्यासारखा परिणाम आढळला नाहीं. परंतु जे आवडीनें व आपखुषीनें खेळत त्यांचें मन अधिक स्वस्थ, आणि जे कसल्यातरी ओढीनें भाग पडल्यासारखे खेळत त्यांचें मन अधिक अस्वस्थ, असें दिसून आलें. ते खेळाडू प्रौढ होते, म्हणून बारा वर्षांच्या मुलास हा निष्कर्ष जसाच्या तसा लावणें योग्य होणार नाहीं. तरी वेळापेक्षां मनाची अवस्था पाहावी, हा त्यांतला बोध घरोघरीं उपयोगी आहे.

मानसशास्त्रांत असें सांगतात कीं, मनाला तीन भुका असतात: आपल्याला कांहीं साधतें असें वाटण्याची, आपल्या इच्छेनें कांहीं करतां येण्याची, आणि आपलें कोणी आहे असें वाटण्याची. मोबाईलवरचा खेळ या तिन्ही भुका तात्काळ भागवितो. शाळेंत वर्षभर घोकून परीक्षेंत जेमतेम उत्तीर्ण होणारा मुलगा येथें अर्ध्या तासांत विजयी होतो. घरांत ज्याला शर्टाचा रंगही विचारला जात नाहीं, तो येथें टोळीस कोठें उतरावयाचें तें ठरवितो. आणि ज्याच्याशीं दिवसभरांत 'अभ्यास झाला का' याखेरीज कोणी शब्द बोलत नाहीं, त्याला येथें तिघे जण नांवानें हांक मारतात. अशा मुलास 'त्या खेळांत तुला काय मिळतें' असें आपण विचारतों. त्याला सांगतां आलें नाहीं तरी मिळतें तें फार मोठें असतें. आणि तें बाहेर मिळत नाहीं हें खरें दुःख आहे.

खेळांतून जडलेलें नातें खोटेंच असतें, असा पुष्कळ वडील माणसांचा समज आहे. नॉर्वे देशांतील मॅट्स स्टीन या तरुणाची हकीकत या बाबतींत विचार करण्यासारखी आहे. स्नायू क्षीण होत जाण्याचा दुर्धर रोग त्याला जन्मापासून होता. चाकांच्या खुर्चींत बसून तो तासन्‌तास एका जगप्रसिद्ध संगणकीय खेळांत रमून जाई. आपला मुलगा एकाकी जगला, या विचारानें आईबाप झुरत असत. २०१४ सालीं पंचविसाव्या वर्षीं तो वारला. वडिलांनीं मृत्यूची वार्ता त्याच्या इंटरनेटवरील लेखनाच्या जागीं कळवितांच देशोदेशींच्या अनोळखी माणसांचीं पत्रें येऊं लागलीं. 'त्यानें आमचें दुःख ऐकून घेतलें, आम्हांस धीर दिला,' अशा आशयाचीं तीं पत्रें होतीं. कांहीं जण परदेशांतून त्याच्या अंत्यविधीस आले. ज्या मुलाला मित्र नाहीं असें घरच्यांस वाटत होतें त्याचे मित्र घरच्यांस त्याच्या मरणानंतर भेटले. नातें खरें होतें. घरच्यांस त्याचा पत्ताच नव्हता, आणि हळहळण्यासारखें आहे तें हेंच.

इतक्या दूर कशाला जावें? आपला पचीशीचा पट इंग्लंडांत गेला आणि १८९६ सालीं 'ल्यूडो' या नांवानें तेथें नोंदला गेला. तोच खेळ आपल्याकडे परत आला, आणि २०१६ सालीं नवी मुंबईंतील एका कंपनीनें 'ल्यूडो किंग' म्हणून तो मोबाईलवर आणला. २०२० च्या टाळेबंदींत पुण्याची सून, वाशीमची सासू आणि नागपूरची नणंद रात्रीं त्यावर डाव मांडून बसल्याचीं उदाहरणें आम्हांस ठाऊक आहेत. ज्या आजीबाई मोबाईलला हात लावीत नसत त्या 'माझी सोंगटी कां मारली' म्हणून नातवाशीं हुज्जत घालूं लागल्या. खेळ मोबाईलवरचाच होता, आणि मेळही होता.

आमच्या आळींत एक कुटुंब आहे. मुलाच्या शिक्षणासाठीं तीं माणसें खेड्यांतून वाशीमला येऊन राहिलीं. मुलगा नववींत. नवी शाळा, नवी आळी; ओळखीचें कोणी नाहीं. वडील नोकरीवरून उशिरां येत आणि आल्यावर आपल्या मोबाईलमध्यें डोकें घालून बसत. मुलगा रात्रीं अकरा-अकरापर्यंत खेळूं लागला, सहामाहींत गुण घसरले, आणि एके रात्रीं वडिलांनीं संतापून त्याचा मोबाईल फरशीवर आपटला. त्यानंतर मुलगा तीन दिवस नीट जेवला नाहीं. आई त्याला घेऊन आमच्याकडे आली. "गुरुजी, तुम्हींच याला कांहीं सांगा हो," असें म्हणतांना तिच्या डोळ्यांत पाणी आलें.

आम्हीं त्याला कांहीं सांगितलें नाहीं, "तुझे गडी कोण होते रे?" एवढेंच विचारलें. बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "आजोबा, एक रिसोडचा, एक नांदेडचा, आणि एक कुठला तें माहीत नाहीं. डाव चालू असतांनाच मोबाईल गेला. मी पळून गेलों असंच त्यांना वाटत असेल. मला त्यांना सांगतांही आलं नाहीं." बोलतां बोलतां त्याचा कंठ दाटून आला. त्याची आई थक्क होऊन पाहत राहिली. त्या तिघांविषयीं घरांत कधीं शब्दही निघाला नव्हता. मोबाईल फुटल्याचें दुःख त्याला असेलही; परंतु तो कुढत होता तो मित्रांच्या मनांतून उतरल्याबद्दल. आट्यापाट्यांत आपला गडी अर्ध्यावर टाकून पळणाऱ्याला आमच्या वेळीं जें वाटलें असतें, तेंच त्याला वाटत होतें.

पुढें त्या घरांत कांहीं गोष्टी ठरल्या. शाळेच्या दिवसांत सायंकाळीं दोन डाव. ते बैठकींत सर्वांसमोर खेळावयाचे, आणि दोन डाव संपेपर्यंत कोणी हांक मारावयाची नाहीं. रात्रीं साडेनवाला घरांतले सर्व मोबाईल, वडिलांचाही, फडताळांत. जो तिसरा गडी कोण कुठला तें ठाऊक नव्हतें, त्याला वडिलांशीं बोलावयास सांगितलें. त्यानें टाळाटाळ केली, आणि त्याची संगत सुटली. रिसोडचा मुलगा मात्र दिवाळींत घरीं येऊन दोन दिवस राहून गेला. सर्व कांहीं सुरळीत झालें असें आम्ही म्हणत नाहीं. डाव हरला म्हणजे मुलगा अजून आदळआपट करतो, आणि वडिलांचा मोबाईल फडताळांत जाण्यास कधीं कधीं दहा वाजतात. परंतु जेवणाच्या पानावर त्या घरांत आतां बोलणें चालतें.

सरकारनें हे खेळ बंदच कां करूं नयेत, असें कित्येक जण म्हणतात. तोही प्रयोग झालेला आहे. २ सप्टेंबर २०२० रोजीं भारत सरकारनें ११८ ॲपांवर बंदी घातली, त्यांत पब्जी होता. जुलै २०२१ मध्यें तोच खेळ नव्या नांवानें आला. जुलै २०२२ मध्यें पुन्हां बंद झाला. मे २०२३ मध्यें पुन्हां सुरू झाला. या मधल्या दिवसांत मुलें मैदानावर परतलीं असें आमच्या पाहण्यांत नाहीं. तीं दुसऱ्या खेळाकडे वळलीं. चीननें २०२१ सालीं अज्ञान मुलांस शुक्रवार ते रविवार आणि सुटीच्या दिवशीं केवळ एक तास खेळण्याची मुभा ठेविली. दक्षिण कोरियानें मात्र मुलांस मध्यरात्रीं खेळण्याची मनाई करणारा आपला २०११ चा कायदा दहा वर्षांनीं मागें घेतला.

तरी एका बाबतींत कायद्याचा हात आवश्यकच होता. पैसे लावून खेळावयाचा खेळ ही निराळी जात आहे; अक्षसूक्ताचें नातें खरोखर त्याच्याशीं आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्यें संसदेनें ऑनलाईन खेळांसंबंधीं कायदा केला आणि २२ ऑगस्ट रोजीं त्यास राष्ट्रपतींची संमति मिळाली. पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाईन खेळ त्यानें निषिद्ध ठरविले. स्पर्धेचे आणि करमणुकीचे खेळ वेगळे काढले. हा विवेक घरींही पाहिजे. मुलगा खेळतो म्हणून जितकें घाबरावें, त्याहून पुष्कळ अधिक, घरांतला कर्ता तरुण पैसे लावतो असें कळल्यास घाबरावें. देहभान हरपण्याचा धोकाही विसरतां येत नाहीं. मार्च २०१९ मध्यें आमच्या शेजारच्या हिंगोलीस रुळांजवळ मोबाईलवर खेळण्यांत गढून गेलेले दोन तरुण आगगाडीखालीं सांपडून मेल्याचें वृत्त आलें होतें. वाशीमवरून जाणाऱ्याच लोहमार्गावरचें तें गांव. वृत्त वाचून कित्येक दिवस आमच्या मनाची हुरहुर गेली नाहीं.

आपल्याच महाराष्ट्रांतील दोन गांवांनीं या प्रश्नास दोन निराळीं उत्तरें दिलीं आहेत. आमच्या जिल्ह्यास लागून असलेल्या पुसद तालुक्यांतील बान्सी या गांवच्या ग्रामसभेनें नोव्हेंबर २०२२ मध्यें अठरा वर्षांखालील मुलांस मोबाईल वापरण्याची बंदी करणारा ठराव केला. टाळेबंदीनंतर मुलें मोबाईलच्या नादीं लागलेलीं पाहून गांवकऱ्यांच्या मनांत जी कळकळ दाटली तिचें तें फळ होतें, आणि त्या कळकळीविषयीं आम्हांस आदर आहे. त्याच वर्षीं सांगली जिल्ह्यांतील कडेगांव तालुक्यांतल्या मोहित्यांचे वडगांव येथें स्वातंत्र्यदिनापासून निराळा नेम सुरू झाला. सायंकाळीं सात वाजतां देवळावरचा भोंगा वाजावयाचा, आणि साडेआठ वाजतां तो पुन्हां वाजेपर्यंत गांवांतील घराघरांत दूरदर्शन आणि मोबाईल बंद ठेवावयाचे. त्या दीड तासांत मुलांनीं वाचावें, लिहावें, आणि मोठ्यांनीं त्यांच्याजवळ बसावें, बोलावें.

या दोहोंत आम्हांस वडगांवचा नेम अधिक पटतो. बान्सीचा ठराव फक्त मुलांस बांधीत होता; वडगांवचा भोंगा आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांस लागू होता. ज्या नियमांतून वडील माणसें सुटतात तो नियम मुलांस अन्याय वाटतो, आणि अन्याय वाटला कीं चोरून वागण्याची बुद्धि होते. शिवाय वडगांवकरांनीं नुसती एक वस्तु काढून घेतली नाहीं. त्या जागीं दुसरी आणून ठेविली. आपल्या घरांत पूर्वीं दिवेलागणीची वेळ अशीच असे. देवापाशीं दिवा लागला कीं मुलें शुभंकरोति म्हणत, पाढे म्हणत, आणि कर्ता पुरुष घरीं परतलेला असे. ती वेळ कोणी मोडली नाहीं, ती आपोआप विझत गेली. वडगांवानें ती भोंगा वाजवून परत बोलाविली. देवळावर भोंगा नसला तरी घरांत घंटा आहेच.

आतां वाचकांच्या उपयोगी पडतील अशा चार सूचना लिहितों. मुलास खेळ थांबविण्यास सांगतांना घड्याळाऐवजीं डावाची भाषा वापरावी. 'हा डाव झाला कीं ऊठ' हें वाक्य मुलास न्यायाचें वाटतें, आणि मग तें न पाळल्यास जाबही विचारतां येतो. निजावयाच्या खोलींत कोणाचाच मोबाईल नसावा; झोप मोडली कीं चिडचिड येते आणि चिडचिडींतून दुरावा. मुलाच्या बँकेच्या व्यवहारांत आणि आपल्या पैशाच्या ॲपांत खेळाला शिरकाव देऊं नये. आठवड्यांतून एकदां त्याच्याजवळ बसून 'मला शिकव' म्हणावें. आपली बोटें चुकतील, मुलें हंसतील, तें हंसूं द्यावें. मुलींच्या बाबतींत आणखी एक गोष्ट आहे. अंधार पडल्यावर मुलीस आपण अंगणाबाहेर जाऊं देत नाहीं आणि मग ती मोबाईलवर कां रमते म्हणून नवल करतों. तिला खेळावयास जागा आणि मैत्रिणी मिळवून देणें हें आपलें काम आहे. तसेंच खेळतांना कोणी अनोळखी इसम तिच्याशीं अभद्र बोलला तर ती निर्भयपणें येऊन सांगूं शकेल, इतका विश्वास घरांत असला पाहिजे.

एवढें करूनही कांहीं महिने मुलाची झोप, जेवण, शाळा आणि जुनी संगत हीं सारींच सुटत चाललीं असतील, मोबाईल नाकारतांच तो हिंसक होत असेल किंवा जीव नकोसा झाल्याचें बोलत असेल, तर उपदेश थांबवून वैद्यांकडे जावें. यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं; हिंवताप आला तर आपण लाजत नाहीं. सरकारची टेलि-मानस नांवाची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य बोलतां येतें, मराठींतूनही.

असो. उन्हाळ्याच्या सुट्या येतील, मुलें घरीं असतील, आणि बाहेर वऱ्हाडचें ऊन असेंच असतें कीं दुपारीं त्यांस कोणी मैदानावर पिटाळूं नये. तीं मोबाईल घेऊन बसतील. तेव्हां ओसरीवर किंवा बैठकींत जुना पट काढून ठेवावा, सायंकाळीं ऊन उतरल्यावर चार घरचीं मुलें आपल्या अंगणांत जमूं द्यावींत, कलकलाट झाला तर सोसावा. आणि त्याआधीं, आज रात्रीं जेवतांना, आपल्या मुलास किंवा नातवास एवढें विचारावें कीं, "तुझ्या डावांत कोण कोण असतं रे?" उत्तर येण्यास वेळ लागेल. तोंवर आपला मोबाईल बाजूला ठेवून थांबावें.